बाळाला बोले, घराला लागे : एका कुर्दी अंगाईचा प्रकरण अभ्यास

तुर्कस्तानच्या पूर्वेला, वान सरोवराच्या बाजूच्या डोंगरांत एक घर. हिवाळ्याचे दिवस आहेत, बर्फाने गावाची वाट बंद झाली आहे. घरात एकच खोली ऊबदार, त्यामुळे सगळं बिऱ्हाड तिथेच गोळा झालंय. सासरा भिंतीला टेकून बसलाय, सासू लोकर निवडतेय, नणंद आहे, दिराची दोन पोरं लोळतायत. कोपऱ्यात लाकडी पाळणा. त्यात बाळ रुंद पट्ट्यांनी गुंडाळून बांधलेलं, आडव्या दांड्याला दृष्ट लागू नये म्हणून निळे मणी. पाळण्याशी जमिनीवर बसलेली सून एका हाताने तो हलवते आहे. नवरा घरी नाही. दूर पश्चिमेकडच्या शहरात बांधकामावर गेलाय. ती हळूच सुरू करते: लोरी, लोरी, बेर्खे मिन, लोरी.

ही नावगाव असलेल्या कुणा एका बाईची हकीकत नाही. कुर्मांजी ही कुर्दी बोली बोलणाऱ्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेला प्रसंग अभ्यासासाठी एका खोलीत मांडला आहे, इतकंच. प्रकरण साधं दिसतं. बाई गाते, बाळ झोपतं. गाण्याचे शब्द कागदावर उतरवले तर पाच-सहा ओळींत संपतात: झोप माझ्या कोकरा, तुझा बाप दूर आहे, तू मोठा हो, तुझे मामा घोड्यावरून येतील. एवढ्यावरून अर्थ काढायला बसलं तर हाती फारसं लागत नाही. अर्थ कळतो तो खोलीत कोण कोण बसलंय हे मोजल्यावर.

आपल्याकडे 'लेकी बोले सुने लागे' म्हणतात. या खोलीत बोलणारी सूनच आहे, आणि समोर लेकीच्या जागी तान्हं मूल आहे.

खोलीतले नियम

सुनेला कुर्मांजीत 'बूक' म्हणतात, सासूला 'खेसू'. जुन्या वळणाच्या अनेक घरांत नवी बूक सासऱ्यासमोर बोलत नसे. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे. काही सांगायचंच असेल तर खुणेने, नाहीतर एखाद्या पोराच्या कानात सांगून त्याच्या तोंडून. याला धरून असलेला शब्द 'शेर्म'. आपली शरमच ती, एकाच इराणी घराण्यातली. नवऱ्याचं नाव वडीलधाऱ्यांसमोर घ्यायचं नाही, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. त्याहून एक पाऊल पुढे असं की, तरुण बाप आपल्या वडिलांसमोर स्वतःच्या मुलाला कडेवर घ्यायलाही संकोचतो. पोटच्या पोराचं कौतुक थोरांच्या देखत करणं शोभत नाही, अशी ती रीत.

आता या नियमांच्या जाळ्यात अंगाई ठेवून बघा. सासऱ्यासमोर बोलायचं नाही, पण मूल रडत असेल तर गायचं नाही असं कुणी म्हणू शकत नाही. मूल झोपायलाच हवं, ते सगळ्यांच्याच सोयीचं आहे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, पण 'तुझा बाप' म्हणायला कोण अडवणार? ज्याच्याबद्दल दिवसभर एक अक्षर काढता येत नाही, त्याच्याबद्दल ती पाळण्याशी बसून खुशाल गाऊ शकते. तुझ्या बापाचं पत्र आलं नाही. तुझ्या बापाने थंडीत अंगावर काय घेतलं असेल. ऐकणारे सगळे ऐकतात, आणि त्यातल्या कुणालाही उत्तर द्यावं लागत नाही, कारण विचारलंय बाळाला.

दुसरं नातं मामाचं. 'खाल' म्हणजे आईचा भाऊ. सुनेला सासरच्या घरात माहेर उच्चारायचं असेल तर बाळाच्या मामाइतकी सरळ वाट दुसरी नाही. मामा येईल, मामा घोडा आणील, मामा तुला घेऊन जाईल. 'तुला' म्हणजे कुणाला, हा प्रश्न खोलीत कुणी काढत नाही.

या सुनेची अवस्था सांगणारा एक शब्द कुर्दी गाण्यांत सारखा येतो: 'खेरीब', म्हणजे परकी, आपल्या माणसांपासून तुटलेली. तोच अरबी 'गरीब' आपल्याकडे आला आणि पैशापाण्याने नडलेल्या माणसाला चिकटला. मूळ अर्थ परदेशी, उपरा. मजुरीला गेलेला नवरा खेरीब आहे आणि त्याच्या घरात राहिलेली बायकोही खेरीबच. अंगाईतलं दुःख म्हणूनच कधी एकट्याचं नसतं. दोघंही आपापल्या जागी परके आहेत आणि मधे पाळणा हलतोय.

'दाये' कुणाला म्हटलं?

या प्रकरणातला सगळ्यात चिवट धागा एका शब्दात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

आधी साधे शब्द. 'बेर्ख' म्हणजे कोकरू. मेंढपाळीवर जगलेल्या समाजात लाडाला याहून जवळचा शब्द नाही. 'बेर्खे मिन' म्हटलं की मुलगा, 'बेर्खा मिन' म्हटलं की मुलगी. आपल्या माझा-माझीसारखंच व्याकरण तिथेही लगेच सांगून टाकतं. 'जेगेरा मिन' म्हणजे माझ्या काळजा. जिगर ओळखीचीच आहे. 'देलाल' म्हणजे देखणं, लाडकं. 'लो' आणि 'ले' हे हाकेचे शब्द: लो पुरुषाला, ले बाईला. अगदी आपलं अरे आणि अगं. कुर्मांजी गाण्यात 'लो लो' ऐकू आलं की समोर पुरुष आहे आणि 'ले ले' आलं की बाई, हे शब्द न कळताही कळतं.

आणि मग 'दाये'. म्हणजे आई, हाक मारताना. कुर्दी घरांत थोरलं माणूस लहानाला स्वतःच्याच नात्याने हाक मारतं. आई बाळाला 'दाये' म्हणते, बाप मुलाला 'बावो', म्हणजे बाबा. आपणही लाडात किंवा वैतागून 'अगं माझे आई' म्हणतोच. तिकडे हा रोजचा व्यवहार आहे. मुलगा असो की मुलगी, आईच्या तोंडून 'दाये' निघालं तर ते बाळालाच आहे असं कुणीही समजेल.

पण ही सून आहे. तिलाही आई आहे, दोन डोंगरांपलीकडच्या गावात. लग्नानंतर तिची भेट वर्षाकाठी एकदा, बर्फ वितळला तर. रात्री पाळणा हलवता हलवता ती 'ले ले दाये' असा सूर लांबवते, तेव्हा तो कुणाला? पोराला 'लो' म्हणता म्हणता 'ले' आलं, तर खोलीतले जाणते कान टवकारतात. बाळाला म्हटलं असं म्हणावं तर म्हणता येतं. स्वतःच्या आईला हाक घातली असं म्हणावं तर तेही खरंच. गाणारीने दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या आहेत आणि तिला कुणी जाब विचारलाच तर ती बाळाकडे बोट दाखवू शकते. छापील संग्रहांत या ठिकाणी भाषांतरकाराला एकच काहीतरी लिहावं लागतं, 'बाळा' किंवा 'आई', आणि तिथे गाणं अर्धं होतं.

कंठातलं

'लोरी' हा कुर्मांजी शब्द ऐकून मराठी माणसाला हिंदीतली लोरी आठवणार. ल आणि र घोळवून मुलांना झोपवणं माणसं पुष्कळ ठिकाणी करतात, तेव्हा तेवढ्यावरून कुळं जोडायची घाई नको. इराकमधल्या सुलेमानियाच्या बाजूला, सोरानी या दुसऱ्या कुर्दी बोलीत, अंगाईला 'लायेलाये' म्हणतात. तिथेही तेच ल-कार. माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे ते 'लोरांदिन' हे क्रियापद. त्याचा अर्थ अंगाई गाऊन झोपवणं असा होतो, आणि मेलेल्या माणसासाठी विलाप करणं असाही. पाळणा आणि तिरडी दोन्हींशी जी बाई बसते तिच्या आवाजाला एकच क्रियापद.

हा नुसता शब्दकोशातला योगायोग नाही, सुरातही तसंच आहे. अंगाईचा आवाका लहान असतो, चार-पाच सुरांचा. ओळ वरून सुरू होऊन हळूहळू खाली उतरते आणि शेवटचं अक्षर लांबत जातं. ताल असा बांधलेला नसतो. असलाच तर पाळण्याच्या हेलकाव्याचा. विलापाची चालही अशीच उतरती आणि मोकळी असते. नवख्या माणसाला फक्त ध्वनिफीत ऐकवली तर पाळण्याशेजारी गातेय की मढ्याशेजारी, हे तो पहिल्या मिनिटात छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

कुर्मांजीत 'स्त्रान' आणि 'किलाम' असे दोन शब्द आहेत. बोलीगणिक त्यांचे अर्थ सरकतात. एस्टेल आमी द ला ब्रेतेक या संशोधिकेने आर्मेनियातल्या यझिदींमध्ये, म्हणजे वेगळा धर्म पाळणाऱ्या पण कुर्मांजीच बोलणाऱ्या लोकांमध्ये, एक नेमका भेद नोंदवला: लग्नातलं, नाचाचं ते स्त्रान, म्हणजे गाणं, दुःखाचं ते किलाम, म्हणजे बोलणं. आपल्या कानाला सुरेल वाटणारा विलाप ती माणसं गाणं मानतच नाहीत. मृत्यूच्या घरी कुणी गातं का? ते सुरात सांगणं असतं. हा भेद डोक्यात ठेवून आपल्या खोलीत परत आलं की सुनेची सोय लक्षात येते. ती बोलत नाहीये, कारण बोलायला बंदी आहे. ती मजेखातर गातही नाहीये, कारण परक्या पुरुषांसमोर बाईने गाणंही शोभत नाही. ती पोर झोपवतेय. अंगाई या दोन्ही बंद दारांच्या मधल्या फटीतून बाहेर येते.

रचना कशी चालते तेही बघण्याजोगं आहे. कडवी पाठ असतात काही, पण बरीच जागच्या जागी जुळतात. 'लोरी लोरी' हे धृपद त्या वेळी दोन कामं करतं: पाळण्याचा झोका सांभाळतं आणि पुढची ओळ सुचेपर्यंत जागा धरून ठेवतं. संग्रहात ते एकदा छापून पुढे टिंबं देतात. खरं तर सगळ्यात जास्त वेळ तेच चाललेलं असतं, आणि बाळाला झोप लागते तीही त्यानेच.

मग बाळ झोपतं. पापणी मिटते, मूठ सैल होते. अंगाईचं काम संपलं, पण गाणं संपत नाही. अजून चार कडवी होतात, आवाज आणखी खाली येतो आणि शब्द उलट जास्त स्पष्ट होतात. मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच. ज्याच्यासाठी गाणं आहे म्हणायचं तो आता ऐकत नाही.

सासूचे कान

सासू लोकर निवडतेय. तिला सगळं कळतंय. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तीही बूक होती, तीही अशाच एका कोपऱ्यात बसून आपल्या सासूला ऐकू जाईल इतक्याच आवाजात गायली होती. म्हणून ती काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सुनेच्या वाट्याचं पाणी आणायला नणंदेला पाठवलं जाईल, किंवा नाही जाणार. अंगाईला उत्तर मिळतं ते असं, कामाच्या वाटणीत. कधी आजी स्वतःच पाळण्याशी बसते आणि नातवाला झोपवताना आपली बाजू गाते: तुझी आई रुसली, तुझ्या बापाला मी किती कष्टाने वाढवला. दोघींचं भांडण एकाच पाळण्यावरून, एकाच चालीत, आणि दोघींनीही एकमेकींना एक शब्द म्हटलेला नाही.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. अलीकडे प्रत्येक अंगाईत बंड शोधायची हौस दिसते. बायकांच्या गाण्यात तक्रार सापडली की लगेच प्रतिकाराचा झेंडा. ते तितकं खरं नाही. दहातल्या कितीतरी रात्री त्या बाईला फक्त पोर झोपायला हवं असतं. पहाटे पीठ मळायचंय, हात दुखतोय, आणि 'लोरी लोरी' म्हणजे 'लोरी लोरी' एवढंच. अंगाईला दुहेरी अर्थ येऊ शकतो तो ती बहुतेक वेळा एकेरी असते म्हणूनच. रोज टोमणे मारले असते तर सासरच्यांनी पाळणा केव्हाच तिच्या हातून काढून घेतला असता.

भिंतीपलीकडचे कान

आता त्याच खोलीचं साल बदलू. 19 ऑक्टोबर 1983 रोजी तुर्कस्तानात 2932 क्रमांकाचा कायदा झाला. त्यात 'कुर्दी' हा शब्द कुठेही नाही. तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या देशांची जी पहिली राजभाषा, तिच्याखेरीज कोणत्याही भाषेत विचार मांडायला आणि पसरवायला बंदी, अशी ती शब्दयोजना. शेजारच्या इराकमध्ये कुर्दीला दुसऱ्या भाषेचं स्थान होतं, म्हणून 'पहिली'. पुढच्या कलमात तुर्की नागरिकांची मातृभाषा तुर्की आहे असं ठरवून टाकलं आणि दुसरी भाषा मातृभाषा म्हणून वापरण्यालाही मनाई केली. मातृभाषा म्हणून वापरणं याचा पाळण्याशेजारी बसून गाण्याहून शुद्ध नमुना सापडणार नाही. पोलीस काही प्रत्येक पाळण्याशी येऊन उभे राहिले नाहीत. पण त्याच सुमारास दियारबकिर या कुर्दबहुल शहरातल्या लष्करी तुरुंगात मुलांना भेटायला गेलेल्या आयांना कुर्दी बोलू देत नव्हते, आणि त्यातल्या कित्येकींना तुर्की येतच नव्हती. भेटीची वेळ एकमेकांकडे बघण्यात संपे. अंगाई ज्या पोराला गायली तो मोठा होऊन समोर जाळीपलीकडे उभा, आणि आईच्या तोंडाला कुलूप. हा कायदा एप्रिल 1991 मध्ये रद्द झाला.

त्या काळात कुर्दी आवाज घरात येई तो रेडिओवरून, सीमेपलीकडच्या सोव्हिएत आर्मेनियातून. येरेवान रेडिओचं नियमित कुर्दी प्रसारण 1955 साली सुरू झालं होतं. 'येरेवान खेबेर दिदे', येरेवान खबर देतंय, या घोषणेने ते सुरू होई आणि दारं लावून लोक ऐकत. त्यात बायकांचे आवाजही असत. ज्या घरात बूकने गाणं शोभत नव्हतं, त्याच घरात रेडिओतल्या अनोळखी बाईचं गाणं सासरा मान डोलावून ऐके. रेडिओतल्या बाईला सासर नव्हतं ना.

यानंतर खोलीच गेली. 1990च्या दशकात तुर्की लष्कर आणि पीकेके ही कुर्दी सशस्त्र संघटना यांच्या संघर्षात गावंच्या गावं रिकामी करण्यात आली. तुर्की संसदेच्या समितीने 1998 मध्ये दिलेला आकडा 905 गावं, 2,523 वाड्या आणि 3,78,335 माणसांचा. हाजेतेपे विद्यापीठाच्या 2006 मधल्या अभ्यासाने तो साडेनऊ लाख ते बारा लाखांच्या दरम्यान नेला. ही माणसं दियारबकिर, मेर्सिन, इस्तंबूलच्या वस्त्यांत येऊन पडली. तिथे पाळणा आहे, आई आहे, पण ऐकणारे बदलले. भिंत पातळ आणि पलीकडे तुर्की शेजारी. मोठी मुलं शाळेतून तुर्की घेऊन येतात. त्यांना धृपद कळतं, कडवी अर्धीमुर्धी. आई आवाज खाली घेते, आणि आता तो सासूमुळे नाही. हळूहळू काही घरांत 'लोरी'च्या जागी तुर्की 'निन्नी' येते, कुर्दी हेलात म्हटलेली. गावच्या खोलीतला दुहेरी अर्थ इथे टिकत नाही. आडून बोलायला समोर भाषा कळणारं माणूस तर हवं.

पाळण्याविना

2000 नंतर बंधनं सैल झाली. 2007 मध्ये दियारबकिरला देंगबेझांचं घर सुरू झालं. देंग म्हणजे आवाज, बेझ म्हणजे सांगणारा. दीर्घ कथागीतं मुखोद्गत असलेले हे गायक. तिथे बसणारे बहुतेक वयस्क पुरुष. 1 जानेवारी 2009 पासून सरकारी दूरदर्शनची कुर्दी वाहिनीही सुरू झाली. गाणाऱ्या बायकांसमोर माईक आला, पण घरचे प्रश्न तेच राहिले: चार लोकांत बसून गाणार? या अडचणीतही अंगाई उपयोगी पडते, पुन्हा त्याच युक्तीने. मंचावर प्रेमाचं गाणं म्हटलं तर बोटं उठतील. आईने अंगाई म्हटली, त्यात काय वावगं?

पण मंचावर पाळणा नाही. समोर दोनशे जागी माणसं आहेत आणि त्यातलं एकही झोपावं अशी गाणारीची इच्छा नाही. आता 'बेर्खे मिन' एका पोराला लागत नाही. तुरुंगात गेलेल्या, लढायला डोंगरात गेलेल्या, परत न आलेल्या सगळ्यांना लागतं. 'दाये' म्हटल्यावर लोकांना आपली आई आठवते, तिच्यामागोमाग आपली निसटत चाललेली भाषा, आणि डोळे भरतात. हे खोटं नाही. लोरांदिनचा दुसरा अर्थ इथे पुढे आला, इतकंच. मात्र या प्रवासात सासूची कडवी मागे पडतात. दूरचा बाप राहतो, डोंगर राहतो, कोकरू राहतं. सगळ्या समाजाची म्हणून गायलेल्या अंगाईत घरातलं भांडण कुणाला नको असतं. मला त्या कडव्यांची चुटपूट लागते. सरकारविरुद्धचं दुःख सांगायला पुढे पुष्कळ जागा मिळाल्या. सासऱ्यासमोर बसून माहेर आठवायला त्या बाईला हीच एक होती.

जर्मनीत वाढणाऱ्या नातवंडासाठी आजी आता फोनवर अंगाई रेकॉर्ड करून पाठवते. सून ती पाळणाघरातून आणलेल्या बाळाच्या उशाशी लावते. आजी आपल्या चालीने गाते, मधेच 'ले ले दाये' म्हणते, मागे कुठेतरी भांडं वाजतं. बाळ दुसऱ्या मिनिटालाच झोपलंय. सून फोन बंद करत नाही. पलंगाच्या कडेवर बसून उरलेली दोन मिनिटं ऐकते.